काढण्यासाठी ठेवलेला माणूस

माझ्या थोरल्या भावाला आमच्या घरात सगळे ‘पाहुणा’ म्हणतात, कारण कुठल्याही नोकरीत तो पाहुण्यासारखाच राहिला. चहापाणी होईपर्यंत. त्याचा दोष एकच. तसा तो वाईट नाही, फक्त परवडत नाही. जे दिसेल ते तो बोलतो. कापडाच्या दुकानात होता तेव्हा एका बाईंना म्हणाला, “हा रंग तुम्हाला शोभत नाही, आणि खरं सांगू का, दोन धुण्यांत तो राहणारही नाही.” बाईंनी आभार मानले, मालकाने दार दाखवलं. पुढे प्रवास कंपनीत लागला. तिथे गिऱ्हाइकांना सांगायचा, “डोंगर बघायचाच असेल तर हे चित्र बघा. त्या दिवसांत धुक्यात स्वतःचे बूट दिसत नाहीत.” विमा कंपनीत काय बोलला ते आम्ही विचारलंच नाही. लग्नही जुळता जुळता राहिलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो. आणि दादाने उत्तर दिलं.

माझ्या धाकट्या दिरांचं नेमकं उलटं. भाऊजींच्या तोंडून मनातली गोष्ट काढायची म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं. खानावळीत दुसऱ्याच टेबलाचं जेवण यांच्यापुढे आलं तर तेच मुकाट्याने खातील, वर छान होतं म्हणून सांगतील. हे भाऊजी एका अवाढव्य तंत्रज्ञान कंपनीत टीमप्रमुख आहेत. तुमच्या फोनमध्ये सकाळी जो गजर वाजतो, तो त्यांची टीम सांभाळते. गजराला आठ माणसं, हे ऐकून मी पहिल्यांदा तोंडाला पदर लावला होता. तेव्हा भाऊजींनी समजावलं की कुठलं तरी सरकार एकाएकी घड्याळं तासभर पुढे ढकलतं, कोणी विमानात झोपतो तो भलत्याच तारखेला जागा होतो, कोणाचा फोन नेमका गजराच्या आधी मान टाकतो.

“वहिनी, गजर वाजला तर कोणाला आमची आठवण होत नाही. नाही वाजला तर सगळ्या जगाला होते.”

या कंपनीत एक वार्षिक रिवाज होता. प्रत्येक टीमप्रमुखाने आपल्या टीममधलं एक नाव वर द्यायचं. टीम चांगली असो, वाईट असो, एक नाव. त्या माणसाला मग ‘नव्या वाटेसाठी मोकळं’ केलं जायचं. काढलं, हा शब्द त्या इमारतीत कोणी उच्चारत नसे. आमच्या लहानपणी सापाचं नाव घेत नसत तसं. आणि हीच कंपनी स्वतःला कुटुंब म्हणवते, प्रवेशद्वारातच भिंतीवर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंय म्हणे. मी कुटुंबच चालवते, म्हणून थोडं बोलायचा मला अधिकार आहे. दर वर्षी घरातलं एक माणूस वजा करायचा नियम आमच्याकडे असता, तर पहिल्या वर्षी सासूबाईंनी कोणाचं नाव दिलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

नाव द्यायचे दिवस आले की भाऊजींचं अन्न तुटायचं. जाऊबाई सांगायची, “ताई, हे झोपेत माणसांची नावं घेतात.” बायकोने ज्यावर संशय घ्यावा अशी ती नावं नव्हती, सगळी दाढीमिशीवाल्यांची होती.

एका वर्षीचं नाव देऊन झाल्यावर एका रविवारी आमच्याकडे जेवणं आटोपली होती. दादाची नुकतीच कुठली तरी नोकरी सुटली होती, त्यामुळे तो मजेत होता. भाऊजींनी पाण्याचा पेला तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला.

“दादा, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचारल्याशिवाय कसं सांगू?”

“आमच्या टीममध्ये एक जागा आहे. पण ती… म्हणजे… काढण्यासाठी आहे.”

“काय काढण्यासाठी?”

“तुम्हाला.”

आमचे हे खुर्चीत सावरून बसले. मी भांडी उचलता उचलता थांबले. भाऊजी एकदाचे धबधब्यासारखे बोलले. पुढच्या वर्षी नाव द्यायचं म्हणजे कोणाचं द्यायचं? एकाच्या बायकोचे दिवस भरत आलेत. दुसऱ्याच्या जिवावर अख्खं घर आहे. बाकीचे हाडाचे कामसू. तेव्हा एक माणूस असा घ्यायचा, की ज्याला वर्ष भरल्यावर काढलं तर त्याचं काही बिघडणार नाही. वर निरोपाची रक्कम मिळेल.

मला वाटलं, दादा आता चिडेल. तो प्रसन्न हसला. “अहो साहेब, या कामाचा मला जेवढा अनुभव आहे तेवढा तुमच्या अख्ख्या कंपनीत कोणाला नसेल. आजवर लोकांनी मला न सांगता काढलं. तुम्ही पहिलेच, जे आधी विचारताय.”

आणि दादा रुजू झाला. त्याला गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, बसायला फिरती खुर्ची मिळाली, आणि करायला काही नाही मिळालं. आता गंमत अशी, की त्या इमारतीतल्या हजारो माणसांत न घाबरलेला माणूस एकच होता. बाकी सगळे आपलं नाव तर नाही ना जाणार या धास्तीत मान डोलवत. दादाचं नाव जाणार हे ठरलेलंच होतं. ज्याचं शेपूट आधीच तुटलंय त्याला दाराची कसली भीती?

मोठ्या बाई, म्हणजे त्या इमारतीच्या सर्वेसर्वा, दर थोड्या दिवसांनी सगळ्यांची सभा घेत. अशाच एका सभेत एका टीमने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. ‘पाठवा’ म्हणून जे बटण असतं, त्याचा निळा रंग कोणता असावा यावर त्यांचा अभ्यास चालू होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून दादाने विचारलं, “हे कधीपासून चाललंय?”

“तीन वर्षांपासून.”

“आणि आत्ता बटण कुठल्या रंगाचं आहे?”

“निळ्या.”

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मोठ्या बाई मात्र पुढे झुकल्या. “हे कोण? यांना माझ्याकडे पाठवा.”

भाऊजींना वाटलं, चला, वर्ष भरायच्या आतच काम झालं. झालं भलतंच. मोठ्या बाई दादाला म्हणाल्या, इतकी वर्षं मी अशा निर्भय माणसाच्या शोधात होते. त्यांनी त्याला उचलून स्वतःच्या मजल्यावर नेलं. काचेची खोली दिली, खोलीत एक झाड दिलं, आणि हुद्दा दिला ‘स्पष्टता सल्लागार’. टीमटीममध्ये फिरून प्रश्न विचारायचे, आणि प्रमुखांनी दिलेली नावं तपासून मान्य करायची. काढण्यासाठी घेतलेला माणूस काढणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसला. आणि भाऊजींची ती जागा ‘आता गरज उरली नाही’ म्हणून रद्द झाली.

निळ्या रंगाची टीम त्याच महिन्यात गेली. सगळीच्या सगळी. दादाला हे जिन्यात कळलं. त्या टीममधले एक गृहस्थ हातात खोकं घेऊन उतरत होते. त्यांनी दादाला ओळखलं, खोकं कठड्यावर टेकवलं आणि शांतपणे म्हणाले, “तुमचा प्रश्न बरोबरच होता हो. मीही घरी बायकोला तेच म्हणायचो. पण आम्हाला दुसरं काम द्या म्हणून आम्ही किती वेळा सांगितलं, हेही कोणी विचारायला हवं होतं.”

दादा त्या दिवशी माझ्याकडे आला आणि सोफ्यावर नुसता बसून राहिला. “अगं, खरं बोलून आजवर माझ्या एकट्याचीच नोकरी जायची,” म्हणाला.

मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी करावीत की नाही, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या वर्षी जेवढा खल झाला तेवढा कोणत्या परिषदेत झाला नसेल. आमचे हे म्हणायचे, पोट सुटलं की कमी करावंच लागतं. भाऊजी हळूच म्हणायचे, “पोट कमी करायला बोटं नाही तोडत.” जाऊबाई म्हणायची, “आणि खाताना कोणी सांगितलं होतं एवढं खा म्हणून?” मला तिचंच पटायचं. भरतीच्या काळात या कंपन्यांनी शेजारच्या कंपनीला मिळू नयेत म्हणून माणसं गोळा केली, जशी काही बायका सेलमध्ये चादरी घेतात. मग कपाट बंद होईना, की चादरींना दोष. खरोखर काम नसेल तर माणसं कमी करायला माझी ना नाही. पण आधी काम शोधून द्या, नाहीच जमलं तर समोर बसवून सांगा, आणि काढलं तर काढलं म्हणा. दर वर्षी प्रत्येक घरातून एक, हा हिशेब काही कामाचा नाही. तो गोष्टीतल्या राक्षसाचा आहे. गाडाभर अन्न आणि एक माणूस.

इकडे दादा बदलू लागला. त्याने गॅलरी असलेलं घर भाड्याने घेतलं, चांगला चष्मा केला, पायात मऊ बूट आले. मला आनंदच होता. पण एका रविवारी भाजीत मी मीठ घालायलाच विसरले होते. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. दादा म्हणाला, “छान झालीय.” माझ्या हातातला डाव तसाच राहिला. जन्मात पहिल्यांदा माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलला होता. त्याला आता गमवायला काहीतरी मिळालं होतं.

आणि पुन्हा नावं द्यायचे दिवस आले.

एका दुपारी जाऊबाई आली ती चपलाही न काढता स्वयंपाकघरात. डोळे सुजलेले. “ताई, यांनी नाव दिलं.”

“कोणाचं?”

“स्वतःचं.”

मी गॅस बंद केला. तिला स्टुलावर बसवलं. भाऊजींनी दोन आठवडे डोकं खाजवलं, आणि टीममधल्या कोणाचंच नाव हाताला येईना, तेव्हा आपलंच नाव टाकून मोकळे झाले. आता ते दादापुढे जाणार. त्याने मान्य केलं, की संपलं.

“या वयात यांना कोण घेणार? वीस वर्षांत गजर सोडून काही केलं नाही यांनी,” ती म्हणाली. “आणि मला सांगितलं कधी, तर नाव पाठवल्यावर. तेही भांडी घासताना, नळाच्या आवाजात.”

मी दादाला बोलावून घेतलं. तो संध्याकाळी आला. नाव त्याने पाहिलं होतं.

“मान्य करणार आहेस?”

“नाही केलं तर त्या टीममधलं दुसरं नाव मागावं लागेल. नियम आहे.”

“मग नियमच चुकीचा आहे म्हण. निळ्या रंगाला बोलताना जीभ बरी चालली तुझी.”

दादा चष्मा पुसत बसला. “म्हणता येईल. पण बाई पुरावा मागतील. नियम कसा वेडा आहे याचा माझ्याकडे एकच पुरावा आहे, तो म्हणजे मी. काढायला म्हणून माणूस घ्यावा लागला, हे सांगितलं की नियम उघडा पडेल. पण त्याचबरोबर तुझे भाऊजीही उघडे पडतात. कंपनीला फसवलं म्हणून काढतील. तेही निरोपाच्या रकमेशिवाय. गप्प बसलो तरी जातात, बोललो तर बेअब्रू होऊन जातात.”

“आणि तू?”

“मी काय… माझंही जाईलच.” हे तो इतक्या हळू म्हणाला की मला त्याची दया आली. आतापर्यंत नोकरी गेल्याची बातमी तो शिळोप्याच्या गप्पांत सांगायचा.

“हे मी ठरवणार नाही, आणि तूही एकट्याने ठरवू नकोस,” मी म्हटलं. “ज्याचं जायचं आहे त्याला विचार.”

भाऊजींना बोलावलं. दादाने सगळं सरळ मांडलं. भाऊजी बराच वेळ टेबलावरच्या प्लॅस्टिकची सुरकुती नखाने सपाट करत होते. जाऊबाई त्यांच्याकडे बघत होती, मी जाऊबाईकडे.

“सांगा तुम्ही,” शेवटी भाऊजी म्हणाले. “माझी अब्रू राहावी म्हणून पुढच्या वर्षी माझ्या जागी येईल त्याने पुन्हा कोणाला तरी तोडायचं? ते नको. फक्त एक करा. मी सभेत असताना सांगा. पाठीमागे नको.”

मग सभा झाली. पुढचं मला दोघांनीही सांगितलंय, आणि चक्क सारखंच सांगितलंय, म्हणून खरं मानते.

दादा उभा राहिला. म्हणाला, “बाई, तुम्ही मला निर्भय समजून वर आणलंत. मी निर्भय नव्हतो, मला काढायचं ठरलेलं होतं. या नियमापायी एका चांगल्या प्रमुखाला माझ्यासारखा माणूस नुसता काढायला म्हणून ठेवावा लागला.”

भाऊजी उभे राहिले. “तो प्रमुख मी,” म्हणाले. एवढंच बोलले, पण वीस वर्षांत त्या सभेत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

मोठ्या बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “हा प्रकार भयंकर आहे. आणखी कोणाच्या टीममध्ये असं चालतं?”

सगळे प्रमुख आपापल्या लॅपटॉपमध्ये असे बघू लागले, जसं काही आत कोणी बाळंत होतंय. बाईंनी पुन्हा विचारलं. मग टक्कल पडलेले एक जुने प्रमुख खाकरले.

“माझ्याकडे दोन आहेत.”

“दोन?”

“एखादा ऐनवेळी स्वतःच नोकरी सोडून गेला तर?”

आणि मग बांध फुटला. कोणाकडे एक होता, कोणाकडे अर्धा, म्हणजे शेजारच्या टीमबरोबर भागीदारीत. एकीने तर सुरेख युक्ती केली होती. तिचा राखीव माणूस तीन वर्षं कोणी पाहिलाच नव्हता. हिशेब निघाला तो असा: काढता यावीत म्हणून माणसं घ्यायची, घेतली म्हणून गर्दी व्हायची, गर्दी झाली म्हणून काढावी लागायची. एवढी मोठी कंपनी, जगाचं भविष्य सांगणारी, आणि इतकी वर्षं एका दाराने आत घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर सोडत होती. त्याला ती काटकसर म्हणत होती.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला नाही, कारण मोठ्या लोकांना तसं करता येत नाही. त्या म्हणाल्या, “हे या खोलीबाहेर जाता कामा नये.” सगळ्या प्रमुखांना काढायचं तर इमारत रिकामी होईल, आणि एकट्या भाऊजींना काढलं तर ते बाहेर जाऊन काय सांगतील याचा नेम नाही. दोन दिवसांनी पत्रक निघालं, की नावाचा रिवाज ‘पुढील अभ्यासापर्यंत’ थांबवण्यात येत आहे. भाऊजींचं नाव परत आलं. जाऊबाईने ते ऐकून आधी रडून घेतलं आणि मग तासभर त्यांच्याशी भांडली.

पण पत्रकाला शेपूट होतं. रिवाज थांबला, तेव्हा त्यासाठी ठेवलेल्या माणसांचं ‘प्रयोजन संपलं’. ती सगळी जायची होती. आणि कंपनीत स्पष्टता पुरेशी झाल्यामुळे स्पष्टता सल्लागारही.

दादाने बाईंकडे एकच मागणी केली: या माणसांना यंत्रातून पत्र जाऊ नये, मी स्वतः सांगेन. बाई म्हणाल्या, “चालेल, पण भाषा मऊ ठेवा.” दादाने खुर्ची मऊ दिली, भाषा नाही. एकेकाला काचेच्या खोलीत बसवून सांगितलं, “तुम्हाला काढलंय. काढण्यासाठीच घेतलं होतं. तुमचं काम वाईट होतं असं नाही.” एक जण टेबलावर मूठ आपटून गेला. एकाने विचारलं, सांगायला लाज नाही वाटत? दादा म्हणाला, “वाटते.”

एक तरुण मुलगी होती. शिकलेली, चुणचुणीत, घड्याळांच्याच हिशेबांचं शिक्षण झालेली. वर्षभर तिला कोणी काम दिलं नव्हतं. ती ऐकत राहिली आणि एकदम म्हणाली, “म्हणजे मी ढ नव्हते?”

“नाही गं. तुला काही दिलंच नव्हतं.”

“मी रोज घरी जाऊन रडायचे. वाटायचं, यांना कळलंय मला काही येत नाही ते.” तिने डोळे पुसले आणि कडाडून शिव्या दिल्या, कोणाला ते दादाने मला सांगितलं नाही, पण त्याला बरं वाटलं म्हणे.

दादा आता घरी आहे. चष्मा राहिला, गॅलरी गेली. कुरकुरतो थोडा, यापूर्वी कुरकुरत नसे. मी म्हणते, चांगलं आहे, माणसात आलास.

भाऊजींना त्याने त्या मुलीचं सांगितलं, तेव्हा ते जेवून उठले, घरी गेले. सोमवारी मात्र थेट मोठ्या बाईंच्या मजल्यावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गजराला आठ माणसं पुरत नाहीत. नववं लागतं, खरोखर कामाला. माणूस मी बघून ठेवलाय. ज्या मुलीला तुम्ही परवा काढलंत, ती.” बाई म्हणाल्या, भरती बंद आहे. भाऊजी म्हणाले, “मग मी बसतो.” आणि बसले. बाईंची पुढची मीटिंग सुरू झाली, ती यांच्यासकट.

“काय म्हणाल्या शेवटी?” रविवारी मी विचारलं.

“बघू म्हणाल्या.” भाऊजी लाजून हसले. “वहिनी, इतकी वर्षं झाली, पण मी काही मागितलं आणि कोणी ‘बघू’ म्हणालं, असं पहिल्यांदाच घडलं.”

“घडेल कसं?” जाऊबाई त्यांच्या ताटात वाढता वाढता म्हणाली. “मागितलंत तरी कधी? आणि उद्या ‘बघू’वर उठून येऊ नका. डबा देते बरोबर, बसा परत.”